हिशेब स्वस्त, वाहतूक महाग

प्रोसेसरचं माहितीपत्रक हाती आलं की माझी नजर आधी वॉटच्या आकड्यावर जाते, म्हणजे तो वीज किती खाणार यावर. कोअर (स्वतंत्रपणे हिशेब करणारे भाग) किती, गिगाहर्ट्झ किती, हे नंतर. २०१७ साली एएमडीचा सर्व्हरसाठीचा एपिक ७६०१ आला तेव्हा तो आकडा १८० होता. २०२४ च्या एपिक ९९६५ वर तो ५०० आहे. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या झिऑन ६९८०पी वरही ५००च. तळहातावर मावेल एवढ्या वस्तूतून पाचशे वॉट, तेही वर्षाचे बारा महिने. एका सर्व्हरमध्ये असे दोन बसतात, एका रॅकमध्ये सर्व्हर कितीतरी, आणि डेटा सेंटरमध्ये रॅकच्या रांगाच रांगा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. विदर्भातल्या माणसाला वीज कुठे तयार होते हे शिकवावं लागत नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. कोळसा वर्धा खोऱ्यातला, पाणी इरई धरणाचं, आणि धूर चंद्रपूरकरांच्या वाट्याचा. तिथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या एकदिश विजेची) लाईन १९९९ पासून उभी आहे. १,५०० मेगावॉट वाहून नेण्याची तिची क्षमता. क्लाउडवाल्या कंपन्यांची मुंबईतली डेटा सेंटरं ज्या जाळ्यातून वीज घेतात, त्याच जाळ्यात ही लाईन जाऊन मिळते. एकदा जाळ्यात मिसळल्यावर कोणता युनिट कुठला हे वेगळं काढता येत नाही, हे खरं. पण म्हणून तिकडचा सर्व्हर वीज किती खातो हा प्रश्न मला परका वाटत नाही. इथे शेतीपंपाला पाळीने वीज मिळते. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याचं ओलीत करायला टॉर्च घेऊन वावरात जावं लागतं, आणि रात्रीच्या वावरात साप-विंचू असतात. हे पाहत वाढलेल्या माणसाला उगाच वीज जाळणारा प्रोग्राम लिहिणं फार जड जातं.

माझं काम उपग्रहाच्या चित्रांचं आहे. युरोपीय अंतराळ संस्थेचे सेंटिनेल-२ हे उपग्रह पृथ्वीची चित्रं सतत घेत असतात आणि ती सगळ्यांसाठी मोफत खुली असतात. पहिला उपग्रह २०१५ साली गेला. त्यांच्या सर्वांत बारीक चित्रात एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा, म्हणजे एका हेक्टरात शंभर ठिपके. या चित्रांवरून कुठलं पीक हिरवं आहे, कुठलं सुकतंय, पाऊस लांबल्यावर सोयाबीन कुठे माना टाकतंय, हे सांगणारी प्रणाली एक कंपनी चालवते आणि तिचे प्रोग्राम कमी वेळात, कमी खर्चात कसे चालतील हे मी इथून, घरून पाहतो. सर्व्हर प्रोसेसरांची तुलना करण्याची वेळ माझ्यावर येते ती त्यामुळे.

सगळ्यात साधं गणित घेतो. पिकाचा हिरवेपणा मोजायला एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक वापरतात. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि जवळचा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवतं. म्हणून अवरक्ताच्या आकड्यातून लालचा आकडा वजा करायचा, दोन्हींची बेरीज करायची आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. एक वजाबाकी, एक बेरीज, एक भागाकार. सातवीतल्या मुलाला जमेल. सेंटिनेलच्या एका चौकटीत १०,९८० बाय १०,९८०, म्हणजे १२ कोटींवर ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन क्रिया म्हटल्या तर ३६ कोटी क्रिया झाल्या. माणसाच्या दृष्टीने हा आकडा अफाट आहे. आजच्या १२८ कोअरच्या प्रोसेसरला मात्र तो मिलिसेकंदाच्या लहानशा हिश्शाचा आहे, कारण त्यातला प्रत्येक कोअर एकाच सूचनेत सोळा-सोळा आकड्यांवर काम करतो.

आता त्याच चौकटीकडे दुसऱ्या बाजूने पाहा. प्रत्येक ठिपक्याचे दोन आकडे, प्रत्येकी दोन बाइटचे, मेमरीतून प्रोसेसरपर्यंत आणायचे. आलेलं उत्तर चार बाइटचं, ते परत मेमरीत नेऊन ठेवायचं. ठिपक्यामागे आठ बाइट, चौकटीमागे ९६ कोटी बाइट, म्हणजे जवळपास एक जीबी. एपिकच्या २०२४ च्या पिढीला डीडीआर५ मेमरीचे १२ चॅनल, म्हणजे ये-जा करायच्या वाटा, आहेत, ६,००० च्या वेगाचे (सेकंदाला ६०० कोटी वेळा, दर वेळी आठ बाइट). गुणाकार केला तर सेकंदाला ५७६ जीबी. कागदावरची ही कमाल मर्यादा पूर्ण मिळाली तरी चौकट आत-बाहेर व्हायला दीड मिलिसेकंदाच्या वर वेळ जातो. बेरीज-भागाकार त्यातल्या थोड्याशा वेळात उरकलेले असतात. उरलेला सगळा वेळ १२८ कोअर वाट पाहत उभे असतात.

माझा भाचा अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पोळ्याला आला होता तेव्हा माझ्या स्क्रीनवरची आकडेमोड पाहून म्हणाला, “मामा, १९२ वाला सोडून तुमी १२८ वाला कायले पाहून रायले?” प्रश्न रास्त होता. एपिक ९९६५ मध्ये १९२ कोअर आहेत, ९७५५ मध्ये १२८. दोन्ही पाचशे वॉटचे, दोन्हींना मेमरीचे चॅनल बाराच. मी त्याला कागद घेऊन भागाकार करायला लावला. ५७६ ला १२८ ने भागलं तर दर कोअरच्या वाट्याला सेकंदाला साडेचार जीबी. १९२ ने भागलं तर तीन. मग मी त्याला २०१७ चा तो जुना ७६०१ काढायला सांगितला. कोअर ३२, मेमरीचे चॅनल ८, डीडीआर४, २,६६६ चा वेग. एकूण सुमारे १७० जीबी, दर कोअरला पाच जीबीच्या वर. तो कागदाकडे पाहतच राहिला. सात वर्षांत कोअर सहापट झाले आणि प्रत्येक कोअरच्या वाट्याची मेमरीची वाट अरुंद झाली.

वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे हे रोज दिसतं. सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झाली की बाया वावरात उतरतात, दिवसभर कापूस वेचतात आणि संध्याकाळी धुऱ्यावर एकच काटा आणि माल न्यायला एकच बंडी असते. वेचणाऱ्या दुप्पट लावल्या तर पऱ्हाटी लवकर मोकळी होते, पण काट्यापाशी रांग तेवढीच लांबते. मजुरी किलोवर असते, त्यामुळे आपलं गाठोडं मोजल्याशिवाय कोणी घरी जात नाही. भाच्याला एवढं सांगितलं आणि पुढचं त्याचं त्यानेच बोलून टाकलं: “म्हंजे काटा वाढवाले पायजे, बाया नाई.”

काटा वाढवण्याचे प्रयत्न सुरू आहेतच. झिऑन ६९८०पी एमआरडीआयएमएम नावाची, ८,८०० च्या वेगाची मेमरी चालवतो. बारा चॅनलला मिळून ८४४ जीबी, १२८ कोअरला वाटले तर दर कोअरला साडेसहाच्या वर. ॲमेझॉनच्या ग्रॅव्हिटॉन४ प्रोसेसरमध्ये ९६ कोअर आणि डीडीआर५ चे १२ चॅनल, तिथेही वाटा साडेपाचच्या आसपास येतो. इंटेलने २०२३ मध्ये झिऑन मॅक्स आणला तेव्हा ५६ कोअरच्या शेजारी त्याच पॅकेजमध्ये एचबीएम नावाची, फार रुंद वाटेची ६४ जीबी मेमरी बसवली होती. माझ्यासारख्याच्या कामासाठी ती कल्पना मला आजही सगळ्यात सरळ वाटते: माल मोठ्या प्रमाणात हलवायचा असेल तर गोदाम दाराशी आणा.

मात्र ही सगळी तुलना माझ्या कामापुरती आहे, हे ठासून सांगायला हवं. ज्याच्या प्रोग्रामचा सगळा डेटा कॅशमध्ये (कोअरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावतो, ज्याच्याकडे हजारो लहान-लहान विनंत्या येतात आणि प्रत्येकीला थोडंसंच काम असतं, त्याने १९२ कोअर डोळे मिटून घ्यावेत. वॉटमागे त्याला तिथेच जास्त काम मिळेल. ज्याचं काम एकाच धाग्यावर, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या सूचनांच्या एकाच साखळीवर अडतं, त्याच्यासाठी एपिक ९५७५एफ आहे: कोअर फक्त ६४, पण वेग पाच गिगाहर्ट्झपर्यंत. स्पेक सीपीयू २०१७ सारख्या प्रमाणित चाचण्या मी वाचतो आणि मानतोही, कारण त्या सगळ्यांना एकाच पट्टीने मोजतात. पण त्यातही एक काम किती लवकर संपतं याचा आकडा वेगळा आणि सगळे कोअर मिळून किती काम उपसतात याचा वेगळा. जाहिरातीत यातला कोणता छापलाय हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. क्लाउडवर भाड्याने घेताना तर आणखी एक गोष्ट तपासावीच लागते. व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) म्हणून जे मिळतं तो ग्रॅव्हिटॉनवर अख्खा कोअर असतो. इंटेलच्या बहुतेक मशीनवर तो कोअरच्या दोन धाग्यांपैकी एक असतो. दोन्हीकडे १६ लिहिलेलं असलं तरी माल सारखा नसतो.

वेगाबद्दलही एक आकडा मनात ठेवण्यासारखा आहे. ७६०१ चा मूळ वेग २.२ गिगाहर्ट्झ, ९९६५ चा २.२५. सात वर्षांत एवढाच फरक. याची मुळं फार मागे जातात. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर (चिपेतला विजेचा सूक्ष्म स्विच) लहान केला आणि त्याच प्रमाणात व्होल्टेजही कमी केलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही उष्णता वाढत नाही. तीसेक वर्षं उद्योगाने या नियमाची फळं खाल्ली. मग २००५ च्या सुमाराला व्होल्टेज आणखी उतरवणं अवघड झालं, बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज झिरपू लागली आणि गिगाहर्ट्झची शर्यत थांबली. कोअर वाढू लागले ते तेव्हापासून.

या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आकडा मात्र स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ साली मांडलेला आहे. ४५ नॅनोमीटरच्या चिप-तंत्रज्ञानात (हा आकडा जितका लहान तितकं तंत्रज्ञान नवं) ३२ बिटांच्या दोन पूर्णांकांची बेरीज करायला ०.१ पिकोज्यूल ऊर्जा लागते; पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा लाख कोटीवा भाग. तेवढाच, ३२ बिटांचा, एक आकडा बाहेरच्या डीरॅम मेमरीतून आणायला ६४०. म्हणजे एक आकडा आणण्याच्या ऊर्जेत ६,४०० बेरजा होतात. तंत्रज्ञान तेव्हापासून बरंच पुढे गेलं, आकडे बदलले, पण कल तोच राहिला आहे, कारण ट्रान्झिस्टर जितका लहान होतो तितकी तार आखूड होत नाही. त्याच मांडणीत आणखी एक गोष्ट होती: एक साधी सूचना वाचणं, तिचा अर्थ लावणं, रजिस्टरमधून (कोअरच्या आतल्या छोट्या कप्प्यांतून) आकडे काढणं, या सगळ्या उस्तवारीला ७० पिकोज्यूल जातात, आणि मूळ बेरीज ०.१ ची. प्रत्यक्ष कामापेक्षा कामाची तयारीच शेकडो पटींनी महाग.

हे एकदा पचलं की पुढच्या चिप कशा असतील याबद्दलच्या बातम्या वेगळ्या दिसू लागतात. चिपलेट घ्या, म्हणजे जोडून एक प्रोसेसर बनवायच्या लहान चिपा. एएमडीने २०१९ च्या रोम पिढीत एका मोठ्या चिपऐवजी आठ लहान चिपा ७ नॅनोमीटरमध्ये बनवल्या आणि मेमरी-जोडणीचा भाग जुन्या, स्वस्त १४ नॅनोमीटरमध्ये वेगळा ठेवला. सिलिकॉनच्या चकतीवर एखादा दोष पडला तर मोठी चिप सगळीच फुकट जाते, लहान असेल तर तेवढीच. शिवाय छपाईचं यंत्र एका वेळी सुमारे ८५८ चौरस मिलिमीटरपेक्षा मोठी चिप छापूच शकत नाही. त्यामुळे चिपलेटने कोअर स्वस्त केले, ६४ केले, पुढे १९२ केले. पण तुकडे केले म्हणजे तुकड्यांमधलं अंतर आलं, आणि एका चिपलेटवरून दुसऱ्यावर जाणारा प्रत्येक बिट ऊर्जा खातो. हा सौदा फायद्याचाच होता, तरी किंमत चुकवून केलेला होता. २०२२ मध्ये यूसीआयई हे चिपलेट जोडण्याचं सामाईक मानक आलं, ते त्या जोडण्या आखूड आणि एकसारख्या व्हाव्यात यासाठीच.

आडवं पसरण्यात अंतर वाढतं, म्हणून आता चिपा उभ्या रचतात. २०२२ च्या मिलान-एक्समध्ये एएमडीने कोअरच्या चिपेवर कॅशचा आणखी एक थर चढवला आणि एका प्रोसेसरमध्ये ७६८ एमबी कॅश दिली. वरचा थर खालच्याची उष्णता अडवतो, ही त्यातली अडचण. २०२४ च्या डेस्कटॉप पिढीत तोच कॅशचा थर कोअरच्या खाली गेला आणि कोअर थंडाव्याच्या बाजूला आले. इंटेलने जाहीर केलेल्या क्लिअरवॉटर फॉरेस्टमध्ये २८८ कोअर आहेत. कोअरच्या चिपा नव्या १८ए प्रक्रियेच्या आणि त्यांच्याखाली जुन्या प्रक्रियेच्या पायाच्या चिपा. त्या १८ए मध्ये वीजपुरवठ्याच्या तारा चिपेच्या पाठीमागून येतात, म्हणजे पुढची बाजू माहितीच्या तारांसाठी मोकळी राहते. तारांची गर्दी कमी, वाट आखूड, वाटेत वाया जाणारी वीज कमी. मला ही कल्पना फार आवडते, कारण ती ट्रान्झिस्टरपेक्षा त्याला पोहोचणाऱ्या वाटांचा विचार आधी करते.

कॅश उभी रचण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. कॅश ज्या एसरॅमची बनते ती आता लहान व्हायला तयार नाही. चिपा बनवणाऱ्या टीएसएमसी कंपनीच्या ५ नॅनोमीटर प्रक्रियेत एसरॅमचा एक कप्पा ०.०२१ चौरस मायक्रोमीटरचा होता. पुढच्या, ३ नॅनोमीटरच्या एन३ई प्रक्रियेतही तो तेवढाच राहिला. गणिताचे ट्रान्झिस्टर दाटीवाटीने बसू लागले, साठवणीचे तिथल्या तिथेच. मग महागड्या नव्या चिपेची जागा साठवणीने का अडवावी? ती जुन्या प्रक्रियेत बनवून वर किंवा खाली लावलेली बरी. पुढच्या काही वर्षांच्या सर्व्हर चिपा या एका आकड्याभोवती आकार घेतील असं मला वाटतं.

याच्याही पुढची कल्पना म्हणजे मेमरीच्या आतच थोडं गणित बसवणं. सॅमसंगने एचबीएममध्ये तसा प्रयोग केला आहे. अपमेम नावाच्या फ्रेंच कंपनीने डीरॅमच्या पट्टीतच छोटे प्रोसेसर बसवले. आमच्या हिरवेपणाच्या गणितासारखी कामं या मांडणीसाठीच जन्माला आल्यासारखी आहेत: क्रिया तीनच, डेटा भरमसाट. अडचण प्रोग्राम लिहिणाऱ्याची आहे. कोणता आकडा कोणत्या पट्टीत पडलाय हे त्याला माहीत असावं लागतं, आणि आजच्या बहुतेक भाषा मेमरी म्हणजे एक सपाट, सारख्या अंतराचं मैदान आहे असंच धरून चालतात.

विचार करताना मला वारंवार परम ८००० हा महासंगणक आठवतो. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावात जन्मलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने तो १९९१ साली उभा केला. त्यात इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. टी८०० या ट्रान्सप्युटरमध्ये गणिताचा भाग, ४ केबी मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या, सगळं एकाच चिपेवर होतं. प्रत्येक प्रोसेसरला आपली मेमरी, दुसऱ्याचं काही हवं असेल तर निरोप पाठवायचा. ट्रान्सप्युटर बाजारात टिकला नाही. पण गणित आणि मेमरी जवळ ठेवा, दूरच्या वाटा मोजून वापरा, ही त्याची शिस्त आज चिपलेटच्या आणि मेमरीतल्या गणिताच्या रूपाने परत आली आहे. वऱ्हाडातल्या माणसाने उभ्या केलेल्या यंत्राशी या विचाराचं नातं आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

नव्या चिपा येतील तेव्हा येतील. आज हातात असलेल्या मशीनवर करता येण्यासारखंही पुष्कळ आहे. आमचा प्रोग्राम आधी अख्खी चौकट एकदा वाचून हिरवेपणा काढायचा, मग तीच चौकट पुन्हा वाचून ढग वगळायचा, मग पुन्हा वाचून गावनिहाय सरासरी काढायचा. प्रत्येक वेळी जवळपास एक जीबी आत, बाहेर. आता आम्ही चौकटीचे कॅशमध्ये मावतील एवढे छोटे तुकडे करतो आणि एक तुकडा आत आला की त्याची सगळी कामं उरकूनच त्याला सोडतो. मधली उत्तरं मेमरीपर्यंत जातच नाहीत. एक ओळही ‘वेगवान’ केलेली नाही, फक्त फेऱ्या कमी केल्या. वेळ कमी झाला आणि प्रोसेसरमधले वीज मोजणारे काउंटरही खाली आले. आता आम्ही सर्व्हरांची तुलना एकाच मापाने करतो: एक हेक्टर तपासायला किती ज्यूल लागले. हे माप कुठल्याही जाहिरातीत सापडत नाही, ते स्वतःच मोजावं लागतं, आणि त्यात कमी कोअरचा प्रोसेसर जास्त कोअरच्याच्या पुढे गेलेला मी पाहिला आहे.

भाच्याने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. रिस्क-फाइव्ह ही सूचनावली (प्रोसेसरला समजणाऱ्या सूचनांची यादी) बर्कली विद्यापीठात २०१० साली सुरू झाली आणि ती सगळ्यांना खुली आहे. आयआयटी मद्रासने तिच्यावर शक्ती हे प्रोसेसर बनवले आणि त्यांची रचनाही खुली ठेवली. अमरावतीच्या वसतिगृहात बसलेला मुलगा आज खऱ्याखुऱ्या प्रोसेसरची रचना उघडून वाचू शकतो, बदलू शकतो, हवी ती रचना भरता येणाऱ्या एफपीजीए बोर्डवर चालवून पाहू शकतो. आमच्या वेळी हे स्वप्नातही नव्हतं. रिस्क-फाइव्हमध्ये स्वतःच्या सूचना जोडायला जागा राखून ठेवलेली आहे. त्याला एकच सूचना जोडायची आहे: लाल आणि अवरक्त हे दोन पट्टे घ्यायचे, हिरवेपणाचा आकडा द्यायचा.

मागच्या आठवड्यात त्याने पहिला आराखडा फोनवर पाठवला. मधोमध गणिताचा मोठा चौकोन, त्यात वजाबाकी, बेरीज, भागाकार नीट आखलेले, आणि मेमरी खाली कोपऱ्यात, एका बारीक रेघेने जोडलेली. मी त्याला कळवलं की मेमरी मधोमध आण, गणित तिच्या कडेला लहानसं बसव आणि प्रत्येक रेघेवर लिही, सेकंदाला तिच्यावरून किती बाइट जाणार. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. “मामा, हे सगळं लिवतो मी, पन बोर्ड कोनता घेऊ तेवढं सांगा, सरांना सोमवारी यादी द्यायची आहे.” मी म्हटलं, सोमवारच्या आधी रेघांवरचे आकडे पाठव, मेमरीचे किती पोर्ट लागतात ते त्यातूनच निघेल, आणि बोर्ड त्यावरूनच ठरेल.